छप्पर कुणाचं, ऊन कुणाला?



'पर्यावरणपूरक घर' हे शब्द वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत वाचले की एक ठरलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. शहराबाहेर दहा-वीस गुंठे जागा, मातीच्या भिंती, अंगणात झोपाळा, छतावर सौर पॅनेल, आणि 'आम्ही निसर्गाकडे परत गेलो' असं सांगणारं एक सुखवस्तू जोडपं. हे वाचून आपल्या वस्तीतला तरुण पान उलटतो. त्याला वाटतं, हा विषय आपला नाही. ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांनी आता थोडं कमी वापरायचं ठरवलं, त्यांचं कौतुक त्यांनीच करावं.

पान उलटण्यामागचा त्याचा राग मला समजतो. पण विषय सोडून देणं मला मान्य नाही. घर थंड कसं ठेवायचं, विजेचं बिल कमी कसं करायचं, छपराखालच्या माणसाला मे महिन्यात जगता कसं येईल, हे प्रश्न झोपाळ्यावर बसलेल्या माणसाआधी आपले आहेत. ते आपण मांडले नाहीत म्हणून दुसऱ्यांनी त्यांच्या सोयीनं मांडले.

आधी इतिहास पाहू. गावातल्या अस्पृश्यांवर कोणकोणते नियम लादलेले होते, त्यांची यादी बाबासाहेबांनी आपल्या लेखनात दिली आहे. त्या यादीत एक नियम छपराचा आहे. अस्पृश्यानं कौलारू घर बांधलं तर तो गुन्हा. दुसरा नियम दिशेचा आहे. वस्ती गावाच्या दक्षिणेला, कारण दक्षिण दिशा अशुभ. म्हणजे डोक्यावर काय असावं आणि वस्ती कुठल्या बाजूला असावी, हे दोन्ही जातीनं ठरवलं होतं. आज कुणी असा हुकूम काढत नाही. आज ते काम बाजारभाव करतो. सगळ्यात स्वस्त छप्पर पत्र्याचं, म्हणून आपल्या वस्त्या पत्र्याच्या. सगळ्यात स्वस्त जागा नाल्याकाठी, रेल्वेलाइनीशेजारी, जिथे झाड नाही तिथे. म्हणून आपण तिथे. ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं, पण छपराखाली उतरताना ते माणूस बघून उतरतं.

मी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत राहतो. दोन खोल्या, पुढच्या खोलीवर नंतर टाकलेला स्लॅब, मागच्या खोलीवर पत्रा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं ही बातमी नसते. पत्रा पातळ असतो. ऊन पडलं की काही मिनिटांत तापतो आणि ती उष्णता जशीच्या तशी खाली सोडतो. मातीची किंवा विटेची जाड भिंत उष्णता आत यायला काही तास घेते. पत्र्याला तेवढा धीर नसतो. पंखा लावला तर तो छताखालची तापलेली हवाच अंगावर ढकलतो.

माझी आई आयुष्यभर याच मागच्या खोलीत बिड्या वळायची. पंखा असूनही ती बंद ठेवायची, कारण वाऱ्यानं सुपातला जर्दा उडतो आणि कापलेली तेंदूची पानं विस्कटतात. हजारामागे मजुरी, उडालेल्या जर्द्याचा हिशेब तिलाच भरून द्यावा लागायचा. म्हणून घामानं निथळत ती बसायची. कारखान्यात हवा खेळती असावी, पाणी असावं, कामाचे तास ठरलेले असावेत, यासाठी कायदे आहेत. पण जिचं घर हाच कारखाना, तिच्या छपराचा कायदा कुठे आहे? आपल्या वस्त्यांत शिलाई, पापड, अगरबत्ती, पॅकिंग अशी किती कामं घरात चालतात ते मोजा. मग कळेल की छपराखालचं तापमान हा कामगारांचा प्रश्न आहे, आणि त्यातही बाईचा.

काही महिन्यांपूर्वी विहारातल्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, पोरायची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, अन् तू पत्र्याले चुना लावून राहिला का बाबू?" लोक हसले. पण काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चळवळीची ताकद मर्यादित आहे, ती कुठे लावायची हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. माझं उत्तर असं, की हे काम त्या कामांच्या ऐवजी नाही. शिष्यवृत्ती मिळालेला पोरगा त्याच पत्र्याखाली अभ्यासाला बसतो. परीक्षा बहुधा उन्हाळ्यातच असतात. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहिले, रात्र रात्र वाचत राहिले, आणि पुढे दादरला 'राजगृह' बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. वाचायला जागा लागते, आणि ती जागा बसण्यासारखी असावी लागते, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. आपण मुलांना 'शिका' म्हणतो. तर ते जिथे बसून शिकणार त्या खोलीचा विचारही आपणच करायला हवा.

आता विजेबद्दल. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. वीज वाचवा, कमी वापरा, साधे राहा, असा उपदेश मी आपल्या लोकांना करणार नाही. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेच्या वीजविषयक धोरण समितीसमोर त्यांनी भूमिका मांडली, की या देशाला स्वस्त आणि मुबलक वीज हवी. त्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि शेतीवर अडकून पडलेल्या माणसाची सुटका होणार नाही. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं ते त्यांच्याच कारकिर्दीत. तेव्हा आपला वारसा दिवा विझवण्याचा नाही, दिवा लावण्याचा आहे. वीज वाचवणं म्हणजे अंधारात बसणं नव्हे. तोच उजेड, तोच वारा कमी युनिटमध्ये मिळवणं म्हणजे वीज वाचवणं. त्याग वेगळा आणि हिशेब वेगळा. मी हिशेबाबद्दल बोलतो आहे.

आमच्या घरात आम्ही जे केलं ते क्रमानं सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पैसे एकदम नसतात.

पहिलं काम अर्थिंगचं. याला कुणी पर्यावरणपूरक म्हणणार नाही, पण माझ्या मते सुरुवात इथूनच व्हायला हवी. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. लोखंडी कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, ओली फरशी, आणि पाणी भरणारी बहुधा बाई किंवा लहान मूल. त्यात घर पत्र्याचं असेल आणि वायर कुठे सोललेली असेल तर अख्ख्या छपरात करंट उतरतो. म्हणून तीन पिनांचा प्लग, जमिनीत नीट पुरलेलं अर्थिंग आणि मीटरजवळ ३० मिलिअँपियरचा गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर, हे तिन्ही आधी करा. कूलरमध्ये पाणी भरताना स्विच बंद करून पिन काढायचीच, हा नियम घरातल्या सगळ्यात लहान मुलालाही पाठ असला पाहिजे. जीव राहिला तर बाकीची बचत.

दुसरं काम छपराचं. पांढरा रंग ऊन परतवतो, एवढंच यातलं विज्ञान. स्लॅबवर चुन्याचे दोन-तीन हात पुरतात. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, चिकटपणासाठी त्यात डिंक किंवा फेविकॉल मिसळायचा आणि सकाळी ऊन चढायच्या आत लावायचा. पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही, पहिल्या पावसात वाहून जातो. तिथे ऊन परतवणारा पांढरा रंग वापरावा लागतो. तो महाग आहे, पण काही उन्हाळे चालतो. त्याआधी गंज तारेच्या ब्रशनं घासून काढायचा आणि प्रायमर लावायचा. पत्र्यावर चालताना खालची कैची जिथे आहे, म्हणजे जिथे बोल्टची ओळ दिसते, तिथेच आडवी फळी टाकून पाय ठेवायचा. दरवर्षी धूळ साचते. पहिल्या उन्हाआधी छप्पर धुवायचं, नाहीतर पांढऱ्याचं करडं होतं आणि उपयोग कमी होतो.

यानं खोलीचं काश्मीर होत नाही. दोन ते पाच अंशांचा फरक पडतो असं अशा कामांचा अनुभव सांगतो, आणि आमच्या मागच्या खोलीत तो तीनच्या आसपास आहे. तीन अंश ऐकायला थोडे वाटतात. पण दुपारी दोन वाजता मूल झोपू शकतं की नाही, म्हाताऱ्या माणसाला चक्कर येते की नाही, हे त्या तीन अंशांवर ठरतं.

पत्र्याच्या खाली सहा इंचांचं अंतर ठेवून बांबूच्या तट्ट्या बांधल्या तर आणखी फरक पडतो, कारण मधली हवा उष्णता अडवते. त्या पोकळीतली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना फट ठेवावी. थर्माकोल लावू नका. स्वस्त मिळतो म्हणून बरेच जण लावतात, पण तो पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. गॅसची शेगडी त्याच खोलीत असलेल्या घरात ही जोखीम घेण्यासारखी नाही.

तिसरं काम हवेच्या वाटेचं. गरम हवा वर जाते, पण वरून बाहेर पडायला जागा नसेल तर ती डोक्यावर साचते. भिंतीत उंचावर एक जाळी किंवा चार विटांची फट, एवढं पुरतं. कूलर लावतो त्याच्या समोरची खिडकी उघडी हवी. अनेक घरांत थंडावा बाहेर जाईल म्हणून ती बंद ठेवतात. मग खोलीत दमट हवा भरते आणि कूलर चालू असूनही घाम वाळत नाही. कूलर पाणी उडवून हवा थंड करतो, म्हणून तो आमच्या कोरड्या उन्हाळ्यात चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत चालत नाही. त्याला ताशी काही लिटर पाणी लागतं. ज्या वस्तीत नळ तासभर येतो तिथे हे पाणी कुणाच्या डोक्यावरच्या गुंडातून येतं, हेही हिशेबात धरा. छप्पर आधी थंड केलं तर कूलर कमी तास चालतो, म्हणजे वीज वाचते आणि पाणीही वाचतं.

चौथं काम पंखे आणि दिवे. इथे आकडे मांडतो, कारण 'बचत होते' असं मोघम म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. रोज १५ तास चालला तर महिन्याला सुमारे ३४ युनिट. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. महिन्याला साडेतेरा युनिट. म्हणजे एका पंख्यामागे २० युनिटची बचत. आमच्याकडे पंखे दोन, म्हणजे ४०. चोकवाली जुनी ट्यूब ५० वॅटपर्यंत जाते, एलईडीची पट्टी २० वॅटमध्ये भागवते. कूलर १८० वॅटचा. तो पूर्वी दिवसाला दहा तास चालायचा, छप्पर रंगवल्यावर सात तासांवर आला. फ्रिज आणि टीव्ही धरून आमचं मे महिन्याचं घरगुती गणित १७४ युनिटच्या आसपास होतं, ते ११० च्या जवळ आलं.

आता हे बघा. आपल्याकडे घरगुती वीज टप्प्यांनी महाग होते. पहिला टप्पा शंभर युनिटपर्यंत, दुसरा १०१ ते ३०० पर्यंत. शंभरच्या वर गेलेल्या प्रत्येक युनिटचा दर गेल्या काही वर्षांत पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या आसपास राहिला आहे. म्हणजे आम्ही वाचवलेली साठ-पासष्ट युनिटं ही सगळी वरच्या, महाग टप्प्यातली आहेत. म्हणून बचत आधी अशी करा की शंभरच्या रेषेच्या जवळ याल. नवा पंखा जुन्यापेक्षा हजार-दीड हजारानं महाग असतो. ते पैसे एक-दोन उन्हाळ्यांत वसूल होतात. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. जो सगळ्यात जास्त तास चालतो तो आधी. पंखा जळाला की तो पुन्हा गुंडाळून आणण्याऐवजी त्या वेळी बदला. २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे. दुकानदाराचं ऐकण्याआधी ते लेबल वाचा. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, दाराचं रबर तपासा. याला पैसे लागत नाहीत.

भाडेकरूंचं काय, हा प्रश्न त्याच बैठकीत एका ताईंनी विचारला होता. "मी पत्रा रंगवला तर घरमालक म्हणेल, आता घर चांगलं झालं, भाडं वाढवा." त्यांचं म्हणणं खरं आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. एवढंच सांगता येतं, की भाडेकरूनं आधी त्या गोष्टींवर खर्च करावा ज्या खोली सोडताना सोबत नेता येतात. पंखा, दिवे, कूलर, खिडकीला बांधायच्या वाळ्याच्या ताट्या. छपराचा खर्च मालकाचा आहे, आणि तो त्याच्याकडून करून घेणं एकट्या ताईला जमणार नाही. गल्लीतल्या दहा भाडेकरूंनी मिळून बोललं तर कदाचित जमेल.

सौर पॅनेलबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्य घर' योजना सुरू केली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट, दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये अनुदान, तीन किलोवॅट आणि वर जास्तीत जास्त ७८ हजार. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. ज्यांचं स्वतःचं, पक्कं, सावली नसलेलं छत आहे आणि कागद नीट आहेत, त्यांनी अर्ज जरूर करावा. काही गटांसाठी राज्याची जादा मदतही असते. ती वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन विचारावी. योजना घेणं हा आपला हक्क आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण या योजनेची रचना नीट पाहा. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळं छत लागतं. मीटर स्वतःच्या नावावर लागतं. छत पॅनेलचं वजन आणि वारा झेलणारं लागतं. आता आपल्या वस्तीत फिरा आणि मोजा, या तिन्ही अटींत किती घरं बसतात? भाडेकरू बाद. ज्याला जागेचा पट्टा मिळाला नाही तो बाद. ज्याच्यावर जुना पत्रा आहे तो बाद. अनुदान गरिबाच्या नावानं जाहीर होतं आणि ज्याच्याकडे आधीपासून छत आहे त्याच्या छतावर जाऊन बसतं. म्हणून मी म्हणतो, मालकी हक्काच्या पट्ट्यांचा लढा आणि हवामानाचा प्रश्न हे दोन वेगळे विषय नाहीत. पट्टा नाही तर पक्कं छत नाही, आणि पक्कं छत नाही तर सूर्य फुकट असूनही आपल्या कामाचा नाही.

आता मातीच्या घरांचा मुद्दा. पुरवण्यांमधले वास्तुविशारद मातीच्या घरांची स्तुती करतात तेव्हा एक प्रश्न विचारत जा: सारवतं कोण? मातीचं घर थंड असतं हे खरं. जाड भिंत उष्णता सावकाश आत सोडते, हे विज्ञान आहे, त्याला जात नाही. पण ती भिंत दर पावसाळ्यानंतर लिंपावी लागते, जमीन दर आठवड्याला सारवावी लागते, आणि ते काम पिढ्यानपिढ्या बाईनं फुकट केलेलं आहे. आपल्या आयांनी सिमेंटच्या फरशीचं स्वप्न पाहिलं ते अडाणीपणानं नव्हे. सारवणातून आणि गावकीच्या शेणातून सुटका म्हणून पाहिलं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या उदात्तीकरणावर जी टीका केली ती आपण विसरलेलो नाही. 'जुनं ते हिरवं' असं म्हणून कुणी ते खेडं पुन्हा विकायला आणलं तर आपण ग्राहक होणार नाही.

याचा अर्थ सिमेंटचा डबा हाच आदर्श, असंही नाही. मध्ये खूप जागा आहे. लॉरी बेकर या वास्तुविशारदानं केरळमध्ये आयुष्यभर स्वस्त घरं बांधली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या, म्हणजे भिंतीत पोकळी राहते. त्यानं सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि भिंत उष्णता कमी आणते. स्लॅबच्या खालच्या भागात जिथे काँक्रीटची गरज नसते तिथे कौलं टाकायची, म्हणजे सिमेंट वाचतं. ही तंत्रं बाईला सारवायला लावत नाहीत आणि गरिबाचा खर्च कमी करतात. आपल्याला हवं ते हेच.

आणि इथे आपल्या हातात एक मोठी गोष्ट आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्यात रमाई आवास योजना आहे. त्यात २६९ चौरस फुटांचं घरकुल बसतं. एवढ्या लहान घरात एक चूकही परवडत नाही. पण बहुतेक घरकुलं कशी बांधली जातात? चार भिंती, एक स्लॅब, एक खिडकी, आणि पश्चिमेची भिंत पूर्ण उघडी. संध्याकाळपर्यंत ती भिंत तापते आणि रात्रभर आत उष्णता सोडते. बांधण्याआधी नकाशावर चार गोष्टी ठरवल्या तर खर्च जवळजवळ वाढत नाही. लांब भिंती उत्तर आणि दक्षिणेला. पश्चिमेला न्हाणी किंवा सामानाची जागा. प्रत्येक खिडकीवर छज्जा. समोरासमोर खिडक्या आणि वर झरोका. शेवटी स्लॅबवर पांढरा चुना किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. तुमच्या गावात, वस्तीत कुणाचं घरकुल मंजूर झालं असेल तर पाया खणण्याआधी त्यांच्याकडे जा. आपल्यातले किती तरी तरुण सिव्हिलचा डिप्लोमा करून नोकरी शोधत आहेत. एक रविवार या कामाला द्या.

एक आरोप मला आधीच खोडून काढायचा आहे. पृथ्वी तापली त्यात आमचा काय दोष, असं कुणी विचारेल. बरोबर आहे, दोन पंखे आणि एक कूलरवाल्या घरानं पृथ्वी तापवलेली नाही. आमच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची वीज केंद्रं आहेत, तिकडे चंद्रपूरचं आहे. आपल्या कोळशात तीस टक्क्यांहून जास्त राख असते. अशा केंद्रात एक युनिट वीज तयार होताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ती वीज दूरच्या शहरांत जाते, एसी चालवते, आणि एसीची बाहेरची पेटी गरम हवा पुन्हा गल्लीत फेकते. राख मात्र इथेच राहते. तेव्हा अपराधी भावनेनं आपण काहीही करायचं नाही. आपण हे करायचं ते चांगल्या घराचा आपला हक्क आहे म्हणून. आणि ज्यांचा वापर खरोखर मोठा आहे त्यांना आकडे दाखवून प्रश्न विचारता यावा म्हणून. स्वतःच्या बिलाचा हिशेब ज्याला कळतो, त्याला सरकारच्या हिशेबावर बोलता येतं.

सरकारकडे काय मागायचं तेही ठरवू. २०१० च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. पुढे तिथे झोपडपट्ट्यांची छपरं पांढरी करण्याचं काम झालं. नंतर नागपूरसह अनेक शहरांनी असे आराखडे केले. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरणच आणलं. मग महाराष्ट्रातल्या महापालिकांनी पत्र्याच्या वस्त्यांची छपरं सरकारी खर्चानं का रंगवू नयेत? हा खर्च उड्डाणपुलाच्या एका खांबापुढे काहीच नाही. प्रभागाच्या सभेत ही मागणी लेखी द्या, पोच घ्या, आणि उष्णता आराखड्यात आपल्या वस्तीचं नाव आहे का ते माहितीच्या अधिकारात विचारा. रमाई घरकुलाच्या नकाशात छज्जा, झरोका आणि पांढरं छत सक्तीचं करा आणि त्याचे पैसे अनुदानात वाढवून द्या, ही दुसरी मागणी. पट्टा, ही तिसरी.

आणि जे मागण्याआधी आपणच करू शकतो तेही आहे. चौदा एप्रिल उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. जयंतीची वर्गणी उत्साहानं जमते आणि तिच्यातला मोठा हिस्सा एका रात्रीच्या डीजेवर जातो. जयंती दणक्यात व्हावी, मी उत्साहाच्या विरोधात नाही. पण त्या वर्गणीतला एक हिस्सा आधी विहाराच्या आणि अभ्यासिकेच्या छपरासाठी काढून ठेवा. आमच्या अभ्यासिकेचा पत्रा आम्ही यंदा मार्चमध्येच रंगवला, दोन जाळ्या वर बसवल्या, पंखे बदलले. बारा पोरं, दोन सकाळी. आता एमपीएससीची तयारी करणारी मुलं-मुली दुपारीही तिथे बसतात. पूर्वी बारा वाजता कुलूप लागायचं.

पुढच्या रविवारपासून तिथेच बिल वाचनाचा वर्ग सुरू करतो आहोत. प्रत्येकानं आपल्या घरचं बिल आणायचं, युनिट मोजायचं, टप्पा कळून घ्यायचा, मंजूर भार तपासायचा. आयांना आणि मावश्यांना सोबत आणा, कारण घरात सगळ्यात जास्त वेळ त्या असतात आणि ऊन सगळ्यात जास्त त्याच सोसतात. तुमच्या वस्तीत तुम्ही सुरू करा. अर्थिंग तपासायला एक वायरमन आणि छप्पर रंगवायला दहा हात, एवढ्यावर सुरुवात होते.

जय भीम!